दिवाणखान्यात जखमी सैनिक लावावा का?

जुनाकागद
अमेरिकी यादवीतल्या ‘हार्पर्स वीकली’ या सचित्र साप्ताहिकाचं एक पान घेतलं. १२ जुलै १८६२चा अंक, चित्रकार विन्स्लो होमर. समोर लढाई चाललीय आणि पिछाडीला सर्जन जमिनीवरच जखमींवर उपचार करताहेत. फ्रेम करू म्हटलं, तर घरून ठाम नकार: “दुसऱ्याच्या वेदनेची शोभा कसली?”
मला नाही पटत. ही त्या काळची बातमी होती. साप्ताहिकात फोटो छापायची सोय नव्हती, म्हणून लाकडी ठोकळ्यावर कोरून छापत. घाई असली की ठोकळ्याचे तुकडे करून वेगवेगळ्या कारागिरांकडे देत आणि नंतर बोल्टने जोडत. सांधा चुकला की छापात बारीक पांढरी रेघ उमटते. भिंगाखाली अशी रेघ सापडली की मी तरी खूश!

कडूकारलं
घरचे बरोबर आहेत. बातमी तेव्हा होती, आता माल आहे. शिवाय ही सुटी पानं येतात कुठून? बांधीव खंड फाडून. एका खंडाऐवजी पन्नास गिऱ्हाइकं. पानामागचा मजकूर फ्रेममध्ये गेला की उरतं नुसतं रक्त.

जुनाकागद
खंड फाडण्याबद्दल सहमत. पण रक्त? या चित्रात ते जवळपास नाहीच.

तिरपीनजर
तीच तर गोम आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार ब्रॅडीच्या गॅलरीत अँटिटमच्या लढाईतल्या मृतांचे फोटो लागले आणि लोक हादरले. साप्ताहिकातले जखमी मात्र नीटनेटके. पहिल्या महायुद्धातही तेच. १९१६चं चित्रकार मटानियाचं ‘गुडबाय, ओल्ड मॅन’ आठवा: मरणाऱ्या घोड्याचं डोकं कवटाळून बसलेला सैनिक. प्राण्यांसाठीच्या मदतनिधीकरता काढलेलं चित्र. डोळ्यांत पाणी येतं, पण शेजारच्या खंदकातला माणूस कुठाय? लावा खुशाल, फक्त त्याला इतिहास म्हणू नका.

कडूकारलं
म्हणजे रक्त दाखवलं तरी वाईट, नाही दाखवलं तरी वाईट. कमाल आहे.

डिंकनको
वाद चालू द्या. १८६०च्या दशकातला ‘हार्पर्स’चा कागद चिंध्यांचा, अजून टिकून आहे. महायुद्धाच्या काळातला लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून तुटतो. रंगीत ‘हार्पर्स’ दिसला तर रंग नंतर कुणीतरी हाताने भरलेत, जास्त पैसे देऊ नका. आणि कुठेही लावा, उन्हात नको.

जुनाकागद
तूर्त पुठ्ठ्यातच आहे. मागचा मजकूर वाचतोय, तो घरच्यांनाही चालतो.