मदत हवी आहे: बोलेरो मॅक्स पिकअप, १.७ टनाची की २.० टनाची?

नमस्कार मंडळी. ओतूरजवळ आमची टोमॅटोची शेती आहे. माल नारायणगावला, कधी माळशेज उतरून थेट वाशीला. एका खेपेला ७५ कॅरेट, प्रत्येकी साधारण २२ किलो, म्हणजे १६५० किलो झालेच. १.७ टनाची गाडी काठोकाठ भरते. मागच्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे अशाच भाराने बसले, घाटात जीव मुठीत धरून उतरलो होतो. म्हणून २.० कडे मन ओढतंय, पण हप्ता वाढतो.

दुसरं, या गाडीच्या दोन मॉडेलपैकी एलएक्स घ्यावी की व्हीएक्सआय? व्हीएक्सआयमध्ये ड्रायव्हरची सीट वरखाली होते. गाडी वडील आणि मी दोघं चालवतो, ते माझ्यापेक्षा बरेच बुटके, त्यामुळे मला ती सोय महत्त्वाची वाटते. २.० वापरणाऱ्यांनी घाटातला अनुभव आणि भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज नक्की सांगा.