पुण्याहून बेळगावला यायचं ठरतंय, पाचवीतल्या मुलीच्या कन्नडचं काय?

कोथरूडची मीनल:
नमस्कार. सासूबाई अनगोळला एकट्या असतात, गुडघ्यांमुळं आता त्यांना बाजारही होत नाही. ह्यांना उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम मिळतंय, माझं काम घरून चालतं. सासूबाईंचं घर दोन खोल्यांचं, म्हणून जवळच भाड्यानं राहायचा विचार आहे. मुलगी पाचवीत, इंग्रजी माध्यमात. कन्नडचा आम्हाला गंध नाही. कुठला भाग बरा? आणि मुलीचं कसं होईल? तिथं राहणाऱ्यांनी मोकळेपणानं सांगा.

वडगावकर:
या की ओ ताई! घर बघायचं तर जुलैत बघा, उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली दिसतात. पावसात भिंतीला ओल किती येतीय ते बघा. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला आमच्या शिवारात पाणी शिरतंय, पिकं कुजतात, तिकडं नवीन प्लॉट स्वस्त मिळाला तरी नको. अनगोळ, टिळकवाडी बरं. खरं रेल्वे फाटक मध्ये येतंय काय तेवढं बघा, सकाळी कामावर जाणाऱ्याचा खोळंबा होतोय. नळाला पाणी कितव्या दिवशी येतंय ते घरमालकाला नको, शेजारणीला विचारा.

शहापूरची अक्का:
मीनल, घर मिळेल गं. शाळा आधी बघ. इथल्या शाळा मेअखेरीस उघडतात, पुण्यासारख्या जूनच्या मध्यावर नाहीत. मोठी सुट्टी दसऱ्याला असते. दिवाळीत पुण्याची भावंडं सुट्टीवर आणि आपण शाळेत, हे लेकीला आधीच सांगून ठेव.

आता कन्नड. २०१५ च्या कायद्यानंतर इथं कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवतात, माध्यम कुठलंही असो. वर्गातली बाकीची मुलं पहिलीपासून शिकलेली, त्यामुळं नवीन पोर पहिल्या चाचणीला रडतंच. माझी पुतणी सांगलीहून सहावीत आली तेव्हा अशीच रडली. गल्लीतल्या एक निवृत्त बाई तिला रोज संध्याकाळी घेऊन बसायच्या. वर्णमालेचा क्रम आपलाच, नवीन म्हणजे ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ. अक्षराखाली लागणारी ओत्तक्षरं मात्र हात बसेपर्यंत छळतात. बाईंनी तिला पुस्तकापेक्षा जास्त पाट्या वाचायला लावल्या: बसच्या, दुकानांच्या, दवाखान्याच्या. वर्ष सरता सरता पोरगी वर्गात उभी राहून धडा वाचायला लागली. शाळेत प्रवेशाच्या वेळीच विचार, बाहेरून आलेल्या मुलांना कन्नडसाठी वेगळा तास देता का. जी शाळा नीट उत्तर देईल तीच धर, इमारत बघू नको.

आणि तूही शीक, हे मी कळकळीनं सांगते. गणपत गल्लीत, खडेबाजारात मराठीवर सगळं भागतं. खरं, हेस्कॉमचं म्हणजे विजेचं बिल, महापालिकेची नोटीस, घराचा उतारा कन्नडमध्ये येतो. उद्या सासूबाईंच्या घराची नावं बदलायची वेळ आली तर तो कागद वाचणारं माणूस घरातलंच हवं. दलालाच्या भरवशावर सही करायची नाही.

सीमाप्रश्नाचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. १९५६ पासूनचं दुखणं आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं आपला काळा दिन. वातावरण तापलं की कोल्हापूरकडच्या एसट्या बंद पडतात, त्या दिवसांत पुण्याला जायचं तर रेल्वेनं जा. मी काळ्या दिनाच्या फेरीत चालले आहे. मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना बघून आतडं तुटतं. आणि माझ्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसली ती शेजारची कन्नड बाई, तिच्याकडूनच मी कन्नड बोलायला शिकले. तुझ्या मुलीनं कन्नडात चांगले मार्क मिळवले म्हणून तिची मराठी कमी होणार नाही. ती कमी होईल घरात कुणी वाचलं नाही तर. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, आल्या आठवड्यात तिला सभासद कर. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात, त्या रात्री तिला झोपवू नको, घेऊन ये.

कोथरूडची मीनल:
अक्का, खूप बरं वाटलं. सासूबाई म्हणतात गल्लीत कन्नड शिकवणारं कुणीतरी आहे, आजच विचारते. आणखी एक, आमची गाडी एमएच-१२ आहे. ती तशीच चालते का?

कॅम्पातला:
बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवणार असाल तर इथला नंबर घ्यावा लागतो. पुण्याच्या आरटीओची ना-हरकत आणा, इथला रोड टॅक्स भरा, मग तिथं भरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज करा. इथला टॅक्स जड आहे, जुनी गाडी असेल तर आधी आकडा काढून बघा. आधारवरचा पत्ताही बदलून घ्या. कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला जून २०२३ पासून तिकीट नाही, सासूबाईंनाही दवाखान्याला न्यायला उपयोगी पडेल. राज्याबाहेर जाणाऱ्या बसला मात्र तिकीट काढावंच लागतं.

शहापूरची अक्का:
मीनल, पुण्याच्या शाळेतून दाखला काढताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागेल का ते इथल्या शाळेला आधी फोन करून विचार. राज्य बदलताना बरेच ठिकाणी मागतात, आणि त्या एका सहीसाठी परत पुण्याला हेलपाटा नको. गुडघ्यांसाठी सासूबाईंना केएलई हॉस्पिटलला दाखवलंय का? नसेल तर आलीस की सांग, मी बरोबर येते.