विषय: लघुपट संध्येचा निधी सातपुड्यात पोहोचवायचा कसा?

सर्वांना सप्रेम नमस्कार.

शनिवारी तिकीटविक्री सुरू होत असल्याने हे घाईने लिहीत आहे. ‘संपूर्ण उत्पन्न सातपुड्यातील जाळरेषांसाठी’ ही पत्रकावरची ओळ आहे तशी छापता येणार नाही. वणवा पसरू नये म्हणून गवत कापून मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, तयार करणाऱ्या ज्या गावगटाला आपण मदत देणार आहोत, त्याच्याकडे परदेशी निधी स्वीकारण्याची नोंदणी नाही. परदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० प्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशातल्या आपल्या मंडळाचा एक डॉलरही त्यांना घेता येत नाही, आणि उद्या नोंदणी मिळाली तरी पैसा आधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. एखाद्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेला रक्कम देऊन तिने ती पुढे गावाला द्यावी, हा आपला जुना मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. कृपया शुक्रवारपर्यंत मते कळवावीत.

खजिनदार

---

खजिनदार भाऊ,

माझा पुतण्या यावलला असतो. रक्कम माझ्या नावावरून त्याच्या खात्यात पाठवू, तो स्वतः मोटारसायकलवर जाऊन गटाच्या हाती देईल आणि पावती घेऊन येईल. कागदपत्रांसाठी जंगल थांबत नाही. माझा जन्म अमळनेरचा, शिक्षण तिथले, आईवडिलांच्या अस्थी तापीत सोडलेल्या, आणि आज मी माझ्याच मुलखातल्या झाडांसाठी दिलेला पैसा परदेशी ठरतो, हे वाचून मला फार वाईट वाटले.

नाना

---

आदरणीय नाना,

आपली भावना मला समजते, कारण मीही आपल्यासारखाच ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस आहे. पण या कायद्यापुरता जन्म कुठला हे पाहत नाहीत, आज नागरिकत्व कोणत्या देशाचे आहे हे पाहतात, आणि पारपत्र बदलले की आपण परदेशी स्रोत ठरतो. परदेशी स्रोतातून आलेला पैसा मधल्या माणसाच्या हातून दिला तरी तो परदेशी निधीच मानला जातो, त्यामुळे पुतण्याच्या खात्याचा मार्ग मला मान्य नाही. नियम मोडल्याचा ठपका आपल्यावर येणार नाही. तो येईल गावातल्या त्या पंधरा-वीस माणसांवर, ज्यांनी आजवर कोणाकडून फुटकी कवडी न घेता काम केले आहे.

खजिनदार

---

नमस्कार.

पैशांचा निर्णय कार्यकारिणीने घ्यावा, परंतु त्या निमित्ताने जाळरेषेचा विषयच बाजूला टाकू नये, एवढ्यासाठी लिहीत आहे. वडील धडगाव भागात शिक्षक होते, तेव्हाची एक आग मी जवळून पाहिली आहे. मोहाची फुले पहाटे गळतात आणि पाचोळ्यात पडली तर वेचता येत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करण्याची पद्धत आहे. घरात वर्षभराचा आधार त्या फुलांचाच असतो, त्यामुळे यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. त्या दिवशी मात्र वारा फिरला. बायका पदर खोचून हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत होत्या आणि आम्हा मुलांना घागरी भरायला लावले होते. रात्री आग विझली, पण एका जुन्या सागाच्या पोकळ खोडातून पुढे दोन दिवस धूर निघत होता, आणि तिसऱ्या दिवशी ते झाड आपोआप कोसळले.

अशाच ढोलीत वनपिंगळा घरटे करतो. १८८४ नंतर कोणालाही खात्रीने न दिसलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना पुन्हा सापडला तो आपल्या शहाद्याजवळ. तो घुबडाच्या कुळातला असूनही दिवसा उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी डावीउजवीकडे झटकतो. नंदुरबारचे नाव जगभरच्या पक्षीअभ्यासकांना त्याच्यामुळे माहीत झाले, म्हणून कार्यक्रमाचा पहिला लघुपट नंदुरबारचाच राहील.

चित्रपट निवड समितीच्या वतीने,
ताई

---

ताई, वनपिंगळा यावल अभयारण्यातही आहे, तेव्हा तो एकट्या नंदुरबारचा म्हणता येणार नाही.

नाना

---

सर्वांना धुळ्याहून नमस्कार.

निवृत्तीनंतर इकडे परत आलो असलो तरी मंडळाच्या पत्रव्यवहाराच्या यादीत अजून आहे, म्हणून एक सूचना करतो. लघुपट तिथे दाखवून पैसा इथे पाठवण्याऐवजी कार्यक्रमच जानेवारीत इथे घ्यावा. तिकीट इथले, रुपये इथले, मग हा कायदा आड येणार नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे लोकही पाहायला येतील. त्या गावाने कुऱ्हाडबंदी करून स्वतःचे जंगल उभे केले, आणि चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तरीही आपल्या कार्यक्रमांत धुळे जिल्ह्याचे नाव शेवटीच येते, हे मी याआधीही नोंदवले आहे.

आप्पा

---

आप्पा,

बारीपाड्याबद्दल आपण म्हणता ते योग्यच आहे, आणि त्या कामावरील लघुपट मिळाला तर मी तो आनंदाने घेईन. परंतु भारतात जाहीर प्रदर्शनासाठी लघुपटालाही सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडच्या बहुतेक निर्मात्यांनी ते घेतलेले नाही, आणि त्यांनी परवानगी दिली आहे ती फक्त इथल्या एका खेळासाठी. शिवाय मोह मार्चमध्ये गळू लागतो. जाळरेषा फेब्रुवारीअखेर तयार व्हायला हवी, म्हणजे मजुरीचे पैसे जानेवारीतच हातात पाहिजेत.

ताई

---

नमस्कार,

मी यादीवर सहसा लिहीत नाही, पण मुद्दा आमच्यासारख्यांशी संबंधित आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी या कायद्याखाली परदेशी निधी ठरत नाही. नव्याने आलेल्या सभासदांपैकी बरेच जण अजून भारतीय नागरिक आहेत. मंडळाने पैसे गोळाच करू नयेत. तिकिटातून सभागृहाचे भाडे आणि निर्मात्यांचे मानधन तेवढे निघावे, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी आपापल्या खात्यातून थेट गटाला पाठवावे. पारपत्राची प्रत जोडली तर गटाच्या हिशेबनिसालाही अडचण येणार नाही. माझ्या घरून दोघांचे मिळून वीस हजार रुपये मी आजच नोंदवतो.

चोपड्याचा एक सभासद

---

चोपडेकर भाऊंची सूचना मला स्वीकारार्ह वाटते. मात्र ज्येष्ठ सभासदांनी आपली देणगी तरुणांच्या खात्यातून फिरवू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे, कारण तो पुतण्याचाच मार्ग दुसऱ्या नावाने होईल. पत्रकावर आता ‘सातपुड्यातील जंगलांच्या ओळखीसाठी लघुपट संध्या’ एवढेच छापावे. गटाच्या खात्याचा तपशील भारतीय नागरिक असलेल्या सभासदांना मी स्वतंत्रपणे पाठवीन.

खजिनदार

---

भाऊ,

मान्य आहे. पुतण्याला तसे कळवले. डिसेंबरअखेर मी यावलला जाणार आहेच, आणि जाळरेषेचे गवत कापायला पारपत्र लागत नसेल तर आठ दिवस त्या गटाबरोबर राहीन. गुडघ्यामुळे चढ जमणार नाही, पण पायथ्याच्या पट्ट्यात विळा चालवता येईल. ताईंनी गटप्रमुखांशी बोलून कोणत्या आठवड्यात काम आहे ते कळवावे, म्हणजे तिकिटाची तारीख ठरवता येईल.

नाना

---

नाना, आज रात्री फोन करून विचारते. सभागृहाचा पडदा गेल्या वेळी कोपऱ्यात फाटलेला होता, तो बदलला आहे का, हे कोणी कळवील का?

ताई