घोडबंदरला राहून पांढरे बूट

सी-११०३: मंडळी, जरा वेगळा प्रश्न. पुढच्या महिन्यापासून ऐरोलीला नवीन ऑफिस. तिथे फॉर्मल बूट कोणी घालत नाही म्हणे, जीन्सवर साधे पांढरे लेदर स्नीकर्स चालतात. मोठा लोगो नको, रंगीत पट्टे नकोत. चिरंजीवांनाही कॉलेजसाठी तसेच हवेत. त्याचं बजेट अडीच हजार, माझं सहा-सात. काल मॉलमध्ये जाऊन आलो. १,२०० वाले आणि ९,००० वाले दोन हातांवर अंतर ठेवून बघितले तर सारखेच दिसतात. नक्की फरक कशाचा?

ए-३०२ काकू: घोडबंदर रोडला राहून पांढरे बूट! आधी मेट्रोच्या खांबांखालून कासारवडवलीपर्यंत चालून दाखवा.

डी-२०४ काका: आमच्या शाळेत शनिवारी पांढरा गणवेश आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. शुक्रवारी संध्याकाळी धुवायचे आणि वर ओला खडू फासायचा. पीटीला उड्या मारल्या की मैदानभर धुरळा. किंमत काय, हे वडिलांनाच ठाऊक.

बी-१२०१: कॉमन प्रोजेक्ट्स, अकिलीस लो. विषय संपला.

सी-११०३: कितीला?

बी-१२०१: चारशे डॉलरच्या वर. म्हणजे ३५ हजार धरा, वर ड्यूटी वेगळी. २००४ सालची कंपनी, बूट इटलीत बनतात. लोगो नाही, टाचेजवळ फक्त सोनेरी आकडे, मॉडेल, साइझ आणि रंगाचे. आज बाजारात जे साधे पांढरे स्नीकर्स दिसतात त्यातले निम्मे त्याच्याच नकला आहेत.

ए-३०२ काकू: तेवढ्यात आमचा फ्रिज आला होता. डबल डोअर.

सी-११०३: 😂 बी-७०४, दादा, तुम्ही फुटवेअरमध्येच होतात ना इतकी वर्षं? काहीतरी बोला.

बी-७०४: बोलतो, पण मेसेज लांबेल. चहा घेऊन बसा.

ब्रँड नंतर. आधी बूट हातात घ्या आणि लेसखालची जीभ बाहेर ओढा. जिभेची वरची कड बऱ्याचदा दुमडलेली नसते, कापून तशीच सोडलेली असते. ती कड डोळ्यांजवळ धरा. चामडं असेल तर कडेला बारीक तंतू दिसतात, नखाने खरवडलं की पिंजतात. सिंथेटिक असेल तर खाली विणलेलं कापड आणि वर प्लॅस्टिकचा पातळ थर, दोन थर स्पष्ट वेगळे दिसतात. मग चवड्यावर अंगठा दाबा. चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात. प्लॅस्टिक नुसतं दबतं. पाण्याचा थेंब टाकून बघायच्या भानगडीत पडू नका, पांढऱ्या चामड्यावर रंगाचा जाड लेप असतोच, पाणी दोन्हीवर तसंच उभं राहतं. वासावर तर अजिबात जाऊ नका.

दुसरं, सोल. ह्या बुटाला कपसोल लागतो. परातीसारखा काठ असलेला रबरी सोल, त्यात वरचा भाग बसवतात आणि काठातून शिवतात. काठावर शिवण सगळ्याच बुटांना दिसते, पण स्वस्त बुटात ती साच्यातच उठवलेली नक्षी असते. म्हणून आतला सुकतळा उचला. आत कडेने दोरा फिरलेला दिसला तर खरी शिवण. नुसता गोंद दिसला तर पहिल्या पावसाळ्यानंतर चवड्यापाशी तोंड उघडणार. दुकानदार सुकतळा उचलू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

तिसरं लेबल. जिभेच्या मागे, सोलखाली किंवा खोक्यावर छोटी चिन्हं असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकारात मधे चौकट असेल तर लेप दिलेलं चामडं. नुसती चौकट, शंकरपाळ्याच्या आकाराची, म्हणजे ‘इतर साहित्य’, आपल्या भाषेत रेक्झिन. जाळी म्हणजे कापड. ही युरोपातली पद्धत, पण निर्यात करणाऱ्या आपल्या कारखान्यांच्या मालावरही दिसते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘जेन्युइन लेदर’ छापलेलं असलं तरी हे चिन्ह शोधा. जेन्युइन म्हणजे उत्तम नव्हे. चामड्याचा खालचा कमकुवत थर सोलून त्यावर प्लॅस्टिकची फिल्म चिकटवली तरी तो शब्द लावतात.

डी-२०४ काका: वा. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

ए-१०१: बी विंगला पाणी आलं का? टँकर गेटवर दिसतोय.

बी-७०४: आता बजेट. अडीच हजारांत चांगलं चामडं मिळणं कठीण आहे, त्यामुळे मुलासाठी चामड्याचा हट्ट सोडा. ह्या किमतीत ‘लेदर’ शब्द लावलेल्यापेक्षा उघड उघड सिंथेटिक किंवा कॅनव्हास घेतलेलं बरं. कॉलेजचं पोर, लोकलमध्ये कोणीतरी पाय देणारच. वर्ष-दीड वर्ष गेलं की पैसे वसूल. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलात की १८. त्यामुळे त्या हद्दीच्या जरा वर गेलात की जास्तीच्या पैशांत माल फारसा वाढलेला नसतो, बराचसा कर असतो.

तीन ते पाच हजार ही सगळ्यात फसवी जागा. इथे चांगले भारतीय जोड मिळतात, कारण आग्रा, कानपूर, तमिळनाडूतलं आंबूर, राणीपेट इथले कारखाने परदेशी ब्रँडसाठीच बूट शिवतात आणि हात तयार आहे. पण त्याच रॅकवर, त्याच किमतीत, साठ टक्के डिस्काउंट लावलेलं रेक्झिनही उभं असतं. इथे ब्रँड बघू नका, जोड बघा. जीभ, सुकतळा, चिन्ह.

तुमच्या सहा-सात हजारांत मी रिबॉक क्लब सी बघेन. १९८५ चं टेनिसचं डिझाइन, मऊ चामडं, बाजूला छोटंसं नाव सोडलं तर साधा बूट. कधी सेल लागला की बजेटमध्ये बसतो. फक्त त्याच नावाने सिंथेटिक जोडही निघतात, तेव्हा लेबल वाचा. नायकी एअर फोर्स १ पोरं सुचवतील, पण तो बास्केटबॉलचा बूट, १९८२ पासूनचा. जाड, जड. फॉर्मल पँटखाली पाय अवजड दिसतात.

बी-१२०१: आणि आदिदासचा स्टॅन स्मिथ? पांढऱ्या स्नीकरचा राजा तोच की.

बी-७०४: दिसायला आजही त्याला तोड नाही. पण चामडं म्हणून घेऊ नकोस. २०२१ पासून नेहमीच्या स्टॅन स्मिथचा वरचा भाग पुनर्वापर केलेल्या साहित्यापासून बनवलेला सिंथेटिक आहे. चामड्याचा हवा तर लक्स म्हणून वेगळा येतो, महाग. दुकानात विचारलं तर विकणारा पोरगा बिनधास्त ‘लेदर आहे सर’ म्हणतो. खोटं बोलत नसतो, त्यालाही माहीत नसतं.

ए-९०५: दादा, आमच्या घरात चामडं चालतच नाही. मग हा स्टॅन स्मिथ माझ्यासाठी बरोबर ना?

बी-७०४: अगदी बरोबर, भाई. फक्त लक्स नको, आणि जुना पडून राहिलेला स्टॉक नको. लेबलवर कातड्याचा आकार दिसला की परत ठेवा.

ए-९०५: स्टॉक जुना असला तर काय बिघडतं? न वापरलेलाच असतो ना?

बी-७०४: तिथेच गोम आहे. स्वस्त सिंथेटिक आणि फोमच्या सोलमध्ये जे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाचं प्लॅस्टिक, असतं ते हवेतल्या दमटपणानेच हळूहळू तुटत जातं. वापरा किंवा नका वापरू. ठाण्याच्या हवेत तर विचारूच नका. बंद खोक्यात ठेवलेला जोड काढला आणि पापुद्रे निघाले, हे त्यामुळे. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि साल छापलेलं असतं. ते वाचा आणि दोन वर्षांपूर्वीचं असेल तर सवलत कितीही असो, सोडून द्या.

डी-२०४ काका: माझं हेच झालं! भाचीच्या लग्नासाठी जपून ठेवलेले. हॉलच्या पायऱ्या चढताना सोलचा भुगा. आहेराचं पाकीट एका हातात, सोल दुसऱ्या हातात.

ए-३०२ काकू: काका 🙏😂

सी-११०३: त्यापेक्षा धारावीत करून घेतले तर?

बी-७०४: धारावीत बॅग करा, पट्टा करा, जॅकेट करा, हात सुंदर आहे तिथे. स्नीकरचा सोल साच्यातून निघतो, प्रत्येक साइझला वेगळा साचा. एका जोडासाठी कोण एवढा खटाटोप करणार?

ए-३०२ काकू: ते सगळं असू दे, धुवायचं कसं ते सांगा. मी टूथपेस्ट लावते, लख्ख निघतात.

बी-७०४: काकू, टूथपेस्ट फक्त सोलच्या रबराला. चामड्यावर नको. त्यात खरखरीत पावडर असते, वरचा लेप घासला जातो आणि पुढच्या वेळी मळ दुप्पट बसतो. ओलं फडकं, अगदी थोडा सौम्य साबण, लगेच कोरडं पुसायचं. लेस काढून वेगळ्या धुवायच्या. वॉशिंग मशीन नाही, ब्लीच तर नाहीच, पांढऱ्याचं पिवळं होतं. आणि वाळवायला गॅलरीतल्या उन्हात ठेवू नका, उन्हाने रबर पिवळं पडतं. पंख्याखाली ठेवा. आत कागद कोंबायचा तर कोरा, वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते.

जून ते सप्टेंबर हे बूट सुट्टीवर. पावसात घालून गेलात आणि ओले तसेच शू-रॅकमध्ये बंद केलेत तर गणपतीपर्यंत बुरशी. कोरडे करून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रोज एकच जोड घालू नका, चामड्यातला घाम निघायला एक दिवस तरी लागतो.

बी-१२०१: म्हणजे ३५ हजारवाला घेण्यात अर्थच नाही?

बी-७०४: असं नाही म्हटलं. चामडं उत्तम, शिलाई उत्तम, आकार इतका नीट की दोन दिवस बघत बसशील. पण त्यालाही ठाणे स्टेशनच्या पुलावर तोच चिखल लागणार. हौस असेल तर घे. टिकतो म्हणून घेतोय असं घरी सांगू नकोस, बाबा ह्याच ग्रुपवर आहेत.

बी-१२०२ (बाबा): आहे. वाचतोय.

सी-११०३: 😂 दादा, साइझचं काय? ऑनलाइन मागवू का?

बी-७०४: पहिला जोड दुकानात. संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे ऑफिसला घालणार तेच घालून जा. भारतात यूके साइझ चालते, पण स्टॅन स्मिथ बऱ्याच जणांना अर्धी साइझ मोठा पडतो. चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला नाही. अंगठा पुढे टेकत असेल तर ‘घालून घालून होईल’ ह्या बोलण्यावर विसंबू नका.

सी-११०३: ठरलं. पोराला साधे कॅनव्हास, मला क्लब सी, सेल लागेपर्यंत थांबतो. शनिवारी संध्याकाळी राम मारुती रोडला जाऊन आधी साइझ बघतो. कोणी येतंय?

ए-९०५: मी येतो. सुकतळा तुम्ही उचला, मी दुकानदाराशी बोलत राहतो.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती. बूट कितीचेही घ्या, शू-रॅक पॅसेजमध्ये ठेवू नका. फायर ऑडिटवाल्यांनी मागच्या वेळीच सुनावलंय. बी विंग, सातवा मजला, तुमचे दोन रॅक अजून तिथेच आहेत.

बी-७०४: उद्या आत घेतो.