गणेशोत्सवाचा देखावा : दीडशे पौंडांत मरीन ड्राइव्ह

प्रेषक : सांस्कृतिक समिती

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवाचा देखावा मुलांच्या हातून करून घ्यावा, आणि तो खेळण्यातल्या ठोकळ्यांतून उभारलेल्या एखाद्या शहराचा असावा, असे समितीच्या बैठकीत ठरले आहे. त्यासाठी १५० पौंड मंजूर झाले असून सभागृहातले सहा फूट बाय अडीच फुटांचे एक टेबल मिळेल. मोठ्या मुलांनी लेगोच्या तयार इमारतींच्या संचांची यादी करून आणली, तेव्हा त्यातला एकच संच आपली सगळी रक्कम गिळतो असे दिसले. ज्यांना या छंदाचा अनुभव आहे त्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

*

प्रेषक : एक जुना सभासद

समितीतील मंडळींस नमस्कार.

आमची मुले शिक्षणासाठी घराबाहेर पडली, पण त्यांचे ठोकळे माळ्यावरच राहिले आणि त्यांच्याशी खेळणारा आता मी एकटा उरलो आहे. त्या अधिकाराने लिहितो.

संच घेण्याचा विचार आधी सोडून द्यावा. तयार इमारत चारही बाजूंनी पाहता यावी, छप्पर उचलून आतले सामान मांडता यावे, अशी केलेली असते, आणि त्या सगळ्याचे पैसे आपण मोजतो. आपले टेबल मात्र भिंतीला लागून असणार आणि लोक ते एकाच बाजूने पाहणार. तेव्हा प्रत्येक इमारतीची फक्त दर्शनी भिंत ठोकळ्यांची करावी आणि तिच्या पाठीला आधार म्हणून पुठ्ठ्याचे खोके उभे करावे.

कोणते शहर, हे हाताशी कोणते ठोकळे येतील ते पाहून ठरवावे. गिरगावातली चाळ कोणालाही प्रथम सुचेल, मलाही सुचली होती. परंतु चाळ म्हणजे एकसारख्या कठड्यांची आणि एकसारख्या दारांची रांग, आणि जुन्या ठोकळ्यांच्या ढिगात एकाच जातीचे चाळीस कठडे कधीही सापडत नाहीत. ते सुटे मागवावे लागतात. एकदा मी बारा खिडक्या ऑनलाइन तीन विक्रेत्यांकडून मागवल्या, त्यांचे टपाल खिडक्यांपेक्षा महाग पडले, आणि सौभाग्यवतींनी ती पावती अजून जपून ठेवली आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे नाव तर कमानी आणि घुमटांमुळे काढूच नये.

मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचे तसे नाही. सपाट भिंती, मजल्यामजल्याला आडवे पट्टे, कोपऱ्यावर गोलाई आणि फिका रंग, एवढ्यावर त्या ओळखू येतात. शिवाय जुने पांढरे ठोकळे उन्हाने पिवळसर पडतात, म्हणून छंदी माणसे ते बाजूला सारतात आणि विकणारा ते स्वस्तात देऊन मोकळा होतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पंधरा पावसाळे काढलेल्या भिंतीला नेमका तोच रंग हवा. मुंबईचा हा आर्ट डेको आणि व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींचा समूह २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, हे आपल्या इंग्रज पाहुण्यांसाठी फलकावर लिहिता येईल.

आता मापे. ठोकळ्याच्या डोक्यावरच्या एका स्टडच्या, म्हणजे गोल बोंडाच्या, मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर अंतर असते आणि नेहमीच्या ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते. ३२ बाय ३२ स्टडांची बेसप्लेट, म्हणजे ठोकळे बसवायची तळाची पातळ पाटी, त्यामुळे २५.६ सेंटिमीटरची होते. सगळे टेबल तिने झाकायचे म्हटले तर एकवीस लागतील आणि तिसरी रांग टेबलाबाहेर किंचित डोकावेल. आपल्याला सहा पुरतात. त्या सहा एका ओळीत मांडून प्रत्येक जोडावर सुमारे पाच अंश वळवाव्यात, म्हणजे समुद्राकडच्या बाजूला त्यांचे कोपरे एकमेकांना टेकतात आणि मागच्या बाजूला दोन सेंटिमीटरच्या फटी पडतात. त्या फटी इमारतींच्या आड जातात, आणि चौकोनी पाट्यांतून मरीन ड्राइव्हची ती प्रसिद्ध कमान निघते. पुढे उरलेल्या जागेत रस्ता करड्या कार्डाचा आणि समुद्र निळ्या कागदाचा करावा. जे सपाट आहे त्यावर ठोकळे खर्च करू नयेत.

दोन बाय चारच्या ठोकळ्यांनी ३२ स्टडांची भिंत बांधताना एका थराला आठ ठोकळे लागतात. सहा थरांचा एक मजला धरला तर पाच मजल्यांना २४० होतात, खिडक्यांच्या जागा वजा जाता त्याहून बरेच कमी. असा एक ठोकळा साधारण २.३ ग्रॅमचा असतो, म्हणून सहाही इमारतींना साडेतीन किलोच्या आत माल पुरावा. मिश्र ढिगातले निम्मे निरुपयोगी निघतात, हे धरून सहा किलो मिळवावेत.

ते कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून घरचे जुने सामान विकतात त्या बाजारात, मिळतील. रविवारी सकाळी सातच्या आत पोहोचावे आणि खेळण्यांच्या टेबलावर न रेंगाळता गाडीच्या मागे जमिनीवर ठेवलेले प्लॅस्टिकचे डबे पाहावेत. हात तळापर्यंत घालून मूठभर ठोकळे वर काढावेत व प्रत्येक स्टडवर लेगोचे नाव उमटले आहे का ते बघावे, कारण अनोळखी नकली ठोकळे कधी ढिले बसतात आणि भिंत तिसऱ्या मजल्यावर कलते. अस्सल माल किती जुना आहे याची चिंता नको: आजच्या ठोकळ्याच्या रचनेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये दाखल झाले, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्याला जोडता येतो. घरी आणल्यावर जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात धुवावेत. पाणी ४० अंशांपेक्षा गरम झाले तर ते वाकण्याचा धोका असतो.

खिडक्या घेऊ नयेत. भोक मोकळे सोडून मागे पिवळा जिलेटिन कागद चिकटवावा आणि त्यामागे दिवाळीची दिव्यांची माळ सोडावी. दुसरी माळ रस्त्याच्या कडेने गेली की राणीचा हार, म्हणजे रात्री दिसणारी मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची ओळ, आपोआप होईल. लाल ठोकळे उरले तर मुलांनी त्यांची दुमजली बेस्ट बस करावी. मुंबईतली जुनी डिझेलवरची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी अखेरची धावली, त्यामुळे आजी-आजोबा तिच्यापुढे थांबतीलच.

*

प्रेषक : खजिनदार

काकांना नमस्कार.

आपले पत्र वाचून हिशेब मांडला. बेसप्लेटी पन्नास पौंडांच्या आत बसतील, ठोकळ्यांना साठ धरले तर दिवे, कागद आणि चिकटपट्टीसाठी चाळीस उरतात, म्हणजे अडचणीच्या वेळी हाताशी काहीच नाही. त्यापेक्षा सभासदांच्या घरचे ठोकळे उसने घ्यावेत असे मला वाटते. माझी शंका एवढीच की उत्सवानंतर कोणाचा ठोकळा कोणता, यावरून मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची भांडणे होतील.

*

प्रेषक : एक जुना सभासद

वहिनी, आपली शंका रास्त आहे. उसने घ्यायचे तर फक्त साधे ठोकळे घ्यावेत. छोटी माणसे, चाके आणि चित्र छापलेले भाग कोणाकडूनही घेऊ नयेत, कारण मुलांचा जीव त्यातच असतो. देताना प्रत्येक घरची पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन वहीत लिहावे आणि परत करतानाही तोलूनच द्यावे. रंग बदलतील, पण वजन बरोबर भरेल. हे पटत नसलेल्यांनी ठोकळे न देता एका रविवारी माझ्याबरोबर कार बूटला यावे, चहा माझ्याकडून.

*

प्रेषक : खजिनदार

वजनाची वही मी ठेवते. समुद्राकाठचे टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे चार पायांचे काँक्रीटचे दगड, यादीत कुठे दिसले नाहीत, ते कणकेचे करून करडे रंगवू. मीठ मात्र भरपूर घालावे लागेल, नाहीतर विसर्जनापूर्वीच त्यांना बुरशी येईल.