घडाचे वजन: वाणाचा वाटा किती, परिस्थितीचा किती?

प्रश्न

केळीच्या संकर-पैदाशीच्या कामात मी नवा आहे. त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) मादी आणि द्विगुणित (दोन संच असलेला) नर यांच्या संकरातून निवडलेली दोन झाडे ऊतीसंवर्धनाने वाढवून आम्ही शेजारी शेजारी लावली. लागणीच्या पिकात पहिल्या निवडीचे घड जड भरले, खोडव्यात (त्याच बुंध्याच्या पिलांपासून घेतलेल्या पुढच्या पिकात) मात्र दुसरी निवड स्पष्टपणे पुढे गेली. दोन्ही पिकांत जमीन तीच आणि प्रत्येक निवडीची जनुकेही तीच असताना हा फरक वाणाचा मानावा की परिस्थितीचा? पुढील चाचणीसाठी कोणती निवड ठेवावी?

उत्तर १

घडाचे वजन हा एकच गुण मानल्यामुळे हा पेच पडतो. फण्यांची संख्या, फणीतील केळ्यांची संख्या आणि एका केळ्याचे वजन यांतून ते घडते, आणि हे घटक झाडाच्या आयुष्यात वेगवेगळ्या वेळी ठरतात. फण्या किती येणार हे निसवणीच्या (घड खोडाबाहेर पडण्याच्या) काही महिने आधी, फुलोऱ्याचा कोंब अजून खोडाच्या आत दडलेला असतानाच ठरते. त्या काळात पाण्याचा ताण पडला किंवा थंडी लागली, तर पुढे कितीही खत घातले तरी हुकलेली फणी परत येत नाही. केळी भरण्याचे काम मात्र निसवणीनंतरचे आहे. वाढीच्या कोंबाचाच फुलोरा झालेला असल्याने त्या झाडाला नवे पान फुटत नाही, आणि असलेल्या पानांवरच सगळा घड पोसावा लागतो. म्हणून वजनाबरोबर फण्या, केळी आणि निसवणीच्या व काढणीच्या वेळची हिरवी पानेही मोजावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर २

दोन्ही निवडींची गुणसूत्रे मोजली आहेत का? अशा संकराच्या संततीत 22 गुणसूत्रांची द्विगुणित आणि 44 गुणसूत्रांची चतुर्गुणित झाडे एकत्र निघतात, त्यामुळे आकारातला बराच फरक एखाद्या विशिष्ट जनुकाचा नसून गुणसूत्रांच्या संचांचा असू शकतो. फ्लो सायटोमेट्रीने (पेशीतील डीएनएचे प्रमाण मोजणाऱ्या तपासणीने) हे लवकर कळते. शिवाय एकाच निवडीची सर्व रोपे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखी असल्याने त्यांच्यातील आपापसांतला फरक मुख्यतः परिस्थितीचा धरता येतो. ही सोय केळीत आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. आनुवंशिकतेचे प्रमाण (एकूण फरकातला जनुकांचा वाटा) मात्र त्या शेतापुरते आणि त्या हंगामापुरतेच खरे असते, तो वाणाचा कायमचा आकडा नव्हे.

प्रश्नकर्ता

नोंदवही पुन्हा तपासली. दोन्ही पिकांत दोन्ही निवडींच्या फण्या जवळपास सारख्याच आहेत. खोडव्यात करपा (पाने वाळवणारा रोग) जास्त होता आणि काढणीच्या वेळी पहिल्या निवडीवर सरासरी चार, तर दुसरीवर नऊ हिरवी पाने होती. पहिली चतुर्गुणित आहे, दुसरीची मोजणी अजून व्हायची आहे.

उत्तर १

मग खोडव्यात आपल्याला जो उत्पादनाचा फरक दिसला, तो मुळात करपा सहन करण्याच्या क्षमतेचा असण्याची शक्यता मोठी आहे. हा गुण जनुकीयच आहे, फक्त रोगाचा दाब आल्यावाचून तो दिसला नसता. दुसरी निवड किमान दोन भिन्न हवामानांत आणि पुन्हा दोन्ही पिकांत तपासावी. पहिली टाकून देऊ नये. चतुर्गुणित झाडाचा करपा-प्रतिकारक द्विगुणिताशी संकर केला की त्रिगुणित संतती मिळू शकते, आणि त्यासाठी तिच्या फुलांना बी धरते का, हे याच हंगामात पाहून ठेवावे.