सॉल्झबरीची एकसंधता हा खरंच गुण आहे का?

टोकदार कमान
इंग्लंडमधल्या मध्ययुगीन कथीड्रलांचा (बिशपच्या मुख्य चर्चांचा) विषय निघाला की सॉल्झबरीचं कौतुक ठरलेलं. 1220 साली पाया, 1258 साली मुख्य बांधकाम पुरं, 38 वर्षांत जवळजवळ सगळं एकाच शैलीत. बाकीची कथीड्रलं शतकानुशतकं वाढत, बदलत गेली, म्हणून सॉल्झबरी 'शुद्ध' आणि म्हणून श्रेष्ठ. मला हा निकषच पटत नाही. माझं मत ईलीच्या कथीड्रलला.

ईलीचं मुख्य दालन नॉर्मन पद्धतीचं: जाडजूड खांब, अर्धवर्तुळाकार कमानी, भिंतींचा प्रचंड भार. फेब्रुवारी 1322 मध्ये मधला मनोरा कोसळला. तिथल्या मठाचं बांधकाम पाहणारा साधू ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅम याच्यापुढे सोपा मार्ग होता. चार खांब पुन्हा उभारायचे आणि त्यांवर पुन्हा चौकोनी मनोरा चढवायचा. त्याऐवजी त्या चार खांबांची जागाच मोकळी केली गेली आणि आठ खांबांवर भलामोठा अष्टकोन उभा राहिला. त्याच्यावर राजाचा सुतार विल्यम हर्ली याने ओकच्या तुळयांचा प्रकाशमनोरा चढवला. खालच्या अंधाऱ्या दालनातून चालत तुम्ही मध्यावर येता आणि डोक्यावरून उजेड कोसळतो. 'जुन्याशी जुळलं पाहिजे' असा हट्ट कुणी धरला असता तर हे घडलंच नसतं.

चुनखडी
पूर्ण असहमत. एकसंधता म्हणजे काम लवकर उरकलं एवढंच नव्हे. सॉल्झबरीत एक विचार पायापासून छतापर्यंत नेलेला दिसतो. अरुंद, उंच, टोकदार खिडक्या, फिकट दगडावर पर्बेक भागातल्या काळसर दगडाचे सडपातळ खांब, आणि दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या आडव्या रेषा. फ्रान्समधल्या आमियाँचं कथीड्रलही 1220 मध्येच सुरू झालं. तिथलं छत 42 मीटरवर, सॉल्झबरीचं 26 च्या आत. इंग्रज गवंड्यांना उंचीच्या शर्यतीत उतरायचं नव्हतं, त्यांना लांबी आणि लय हवी होती. हे सॉल्झबरीइतकं स्वच्छ कुठेच वाचता येत नाही.

ते आतून थंड वाटतं हे मान्य. पण त्याला 13 वं शतक जबाबदार नाही. वास्तुविशारद जेम्स वायटने 1789 नंतरच्या डागडुजीत जुन्या रंगीत काचा आणि आतल्या आडभिंती काढून टाकल्या. आणि ईलीच्या अष्टकोनाबद्दल एक गोष्ट तुम्ही ओझरती सांगितलीत: वरचं सगळं लाकूड आहे आणि ते दगडासारखं दिसावं असं घडवलंय. मला ही फसवणूक वाटते.

टोकदार कमान
लाकूड हाच तर त्यातला शहाणपणा आहे. अष्टकोनाची रुंदी जवळपास 22 मीटर, भोवती फेन्सची दलदलीची जमीन, आणि आधीचा दगडी मनोरा नुकताच कोसळलेला. एवढ्या रुंदीवर दगडी छत टाकणं म्हणजे पुन्हा तेच संकट ओढवून घेणं. यॉर्कच्या मुख्य दालनाचं छतही लाकडीच आहे, त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

आणि सॉल्झबरी ज्यासाठी जगभर ओळखलं जातं तो 123 मीटरचा कळस मूळ आराखड्यात कुठे होता? तो 14 व्या शतकात चढवला. मनोरा आणि कळस मिळून सुमारे साडेसहा हजार टन ओझं, ज्यासाठी खालचे खांब बांधलेच नव्हते. तुमच्या शुद्ध इमारतीचं सर्वांत मोठं वैभव ही नंतरची भर आहे.

वाटसरू_यूके
ते खांब वाकलेत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. खाली उभं राहून वर पाहिलं की पोटात गोळा येतो. कळसाच्या आत मध्ययुगीन गवंड्यांची लाकडी परांची आजही उभी आहे. मला तेवढ्यासाठी सॉल्झबरी प्रिय आहे, शैली शुद्ध असो वा नसो.

उत्तरवाट
तुम्ही दोघं दागिन्यांवर भांडताय. खरं धाडस डरहॅमच्या कथीड्रलमध्ये झालं. 1093 ला सुरुवात, 1133 पर्यंत मुख्य दालनावर दगडी फासळ्यांचं छत, आणि त्यात दालनाच्या रुंदीवरून जाणाऱ्या कमानी टोकदार. फ्रान्समध्ये गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची शैली, सुरू झाली म्हणतात त्याच्याही आधी. वरच्या मजल्याच्या छपराआड दडलेल्या पाव वर्तुळाच्या कमानी भिंतींना टेकू देतात. खांबांवर नागमोडी आणि चौकटीच्या खाचा कोरल्यात, त्यामुळे एवढं वजनदार दालनही जिवंत वाटतं. ईली असो वा सॉल्झबरी, पुढच्या साऱ्यांचं बीज इथे आहे.

चुनखडी
बीज आहे म्हणून फळापेक्षा मोठं ठरत नाही. डरहॅमचे खांब अजून भिंतीच्याच विचारातले आहेत.

जाळीदार
ग्लॉस्टरच्या कथीड्रलचं नाव कुणीच काढत नाही याचं खरंच वाईट वाटतं. 1330 च्या दशकात तिथल्या गवंड्यांनी क्वायरच्या (गायकवृंद बसतो त्या भागाच्या) नॉर्मन भिंती पाडल्या नाहीत, त्यांच्यावर उभ्या-आडव्या रेषांची दगडी जाळी चढवली. मागे जुने गोल खांब आजही डोकावतात. पूर्वेला जवळजवळ अख्खी भिंत म्हणजे काच. ही उभ्या रेषांची शैली इंग्लंडची स्वतःची, फ्रान्समध्ये तिला जोड नाही. मठाच्या ओवरीतलं पंख्यासारखं उघडणारं छतही आज टिकलेल्यांत सर्वांत जुन्यांपैकी. जुनं आणि नवं एकत्र कसं नांदतं ते पाहायचं तर ईलीआधी ग्लॉस्टरला जा.

राजाबाई_टॉवरखाली
शुद्धतेवर एक गोष्ट मांडतो. आपल्या मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्याने आखला त्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने 19 व्या शतकात ईली आणि सॉल्झबरी दोन्हींची डागडुजी केली. सॉल्झबरीच्या पश्चिम दर्शनी भिंतीवरच्या बहुतेक मूर्ती त्याच काळातल्या आहेत. आज आपण पाहतो ते 13 वं शतक थोडंफार व्हिक्टोरियन डोळ्यांनी नीटनेटकं केलेलं आहे. तेव्हा 'एकाच काळाची इमारत' हा दावा सॉल्झबरीसाठीही सैल पडतो.

चुनखडी
मूर्ती बदलल्या, काचा गेल्या, कळस आला. खांबांमधलं अंतर, खिडक्यांचं प्रमाण, छताची रेषा मात्र त्याच आराखड्याची राहिली. एवढ्या उलथापालथीनंतरही आराखडा वाचता येतो, हेच त्याचं बळ. ईलीत नॉर्मन दालन संपून अष्टकोन सुरू होतो तिथे तुम्हाला उजेड दिसतो, मला तुटलेला धागा दिसतो.